आमचं बोलकं फॅट मशीन

आमच्या सुनेला पोलिसांनी नेलं त्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं माझ्याकडे सगळ्यात आधी काय मागितलं असेल, तर तुटलेलं कुलूप.

मी म्हटलं, कुठलं कुलूप? तर म्हणे, फिर्यादीत लिहिलंय, आरोपीनं डिजिटल कुलूप तोडलं. तोडलंय म्हणजे तुकडे कुठंतरी पडले असणार, ते जप्त करायचेत. हा हवालदार चौथीत माझा विद्यार्थी होता. तेव्हा गणित आलं की शेजारच्याच्या वहीत बघायचा. आता बघायला शेजारी कुणी नव्हतं, त्यामुळं बिचारा अडला होता. मी त्याला सांगितलं, बाबा, ते कुलूप मशीनच्या आत असतं, डोळ्यांना दिसत नाही. त्यानं पेन कपाळाला लावून बराच विचार केला आणि लिहिलं, कुलूप मिळून आले नाही. मग हत्यार म्हणून सुनेचा लॅपटॉप घेतला, आणि त्यावर चिकटवलेल्या लिंबू-मिरचीच्या चित्राचीही नोंद केली. पंच म्हणून सही करायला आमचेच दोन दूधवाले उभे होते. सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, मग आता सांजच्याला मशीन चालू ऱ्हाईल ना?"

तर हे मशीन म्हणजे फॅट मशीन. तिसगावच्या पलीकडं आमचं गाव. ज्वारी पावसाच्या मर्जीवर, म्हशी मात्र बारमाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवला आणि निवृत्त झाल्यावर ह्यांच्या दूध संकलन केंद्रावर बसायला लागले. हे कॅन मोजतात, मी मशीनपाशी बसते. सकाळ-संध्याकाळ ओसरीवर किटल्यांची रांग लागते. किटलीतलं चमचाभर दूध मशीनला पाजायचं, ते घुर्रर्र करतं आणि फॅटचा, म्हणजे दुधातल्या स्निग्धतेचा आकडा दाखवतं; त्यावर भाव ठरतो. आकडा चांगला लागला की माणूस माझ्याशी नातवंडांबद्दल बोलतो, कमी लागला की सरकारबद्दल.

या मशीनला एक खोड होती. घेतल्यापासून वर्ष झालं की एका सकाळी ते काहीतरी इंग्रजी अक्षरं दाखवायचं आणि गप्प बसायचं. बिघडलेलं नसायचं काही. कंपनीचा माणूस पुण्याहून येणार, गुप्त आकडा टाकणार, मगच ते पुन्हा तोंड उघडणार. कंपनीला फोन लावला की मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, आणि मग गाणं. माणूस उगवायचा आठवडाभरानं. तोवर म्हशींना काय सांगायचं? विकत घेतलेल्या मशीनचा मालक मी की कंपनी, असं मी एकदा त्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, "मशीन तुमचंच आहे मॅडम, आतलं फक्त आमचं." असलं उत्तर चौथीतल्या पोरानं दिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

आता सुनेबद्दल. ती कॉम्प्युटर इंजिनियर. पुण्यात नोकरीला होती. घरून काम सुरू झालं तेव्हा ती आणि माझा मुलगा गावाकडं आली, मग ऑफिसनं परत बोलावलं तर हिनं नोकरीच सोडली. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत लागला, तिथंच खोली करून राहतो, सुट्टीला येतो. ही आमच्यापाशी राहिली, घरबसल्या कुणाकुणाची कामं करायची. उठायची उन्हं अंगणात आल्यावर. भाकरी अशी थापायची की नकाशाच्या तासाला उपयोगी पडावी. कृपया नाही, धन्यवाद नाही, काही दिलं तर नुसतं "हं". आमची रोज एकदा तरी वाजायची. पण मला मुलगी नाही, आणि ही पोरगी घरात असली की घर भरल्यासारखं वाटायचं, हे मी तिला कधी बोलले नाही. ती पुण्याला परत जाईल ही एकच धास्ती माझ्या मनात होती. भांडता भांडतासुद्धा मी जरा आवरतं घ्यायचे ते त्यामुळंच.

ऐन पोळ्याच्या आदल्या दिवशी मशीननं इंग्रजी अक्षरं दाखवली. ओसरीवर रांग, सगळ्यांचा आवाज चढलेला. सूनबाई चहाचा कप घेऊन डोळे चोळत आल्या, काय झालं विचारलं, आणि लॅपटॉप आणून कॅनच्या गराड्यात मांडी ठोकून बसल्या. मशीनला वायर जोडली. त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक शिव्या. सगळा गाव वाकून बघत होता. जेवायच्या आत मशीन घुर्रर्र करायला लागलं. मी विचारलं, कसं केलंस गं? तर म्हणे, "कुलूपच बावळट होतं." आणि पुन्हा झोपायला गेली.

तिथंच थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण आमच्या रांगेत एक म्हातारी आहे. मळ्यात एकटी राहते, एकच म्हैस, दोन्ही डोळे गेलेले. भिंतीला हात लावत लावत किटली घेऊन येते. ती रोज मला विचारायची, किती लागली? मी सांगितलं की तेच पुन्हा मागच्या माणसाला विचारायची. मला राग यायचा. सगळी हयात खरं बोला म्हणून पोरांना शिकवलं, आणि ही माझीच पडताळणी करते! एकदा मी तिला तोडूनच विचारलं, माझ्यावर भरोसा न्हाई का? म्हातारी म्हणाली, "तुज्यावर हाय की. पन मला दिसत न्हाई, तर मी इचारू बी नगं व्हय?"

सुनेनं ते ऐकलं. पुढं काही दिवस खोलीचं दार लावून ती आकडे म्हणत बसायची. एक, दोन, पॉइंट, तीन, म्हैस, गाय. ह्यांना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. आणि मग एका सकाळी म्हातारीचं दूध घातलं तर मशीन सुनेच्या आवाजात मोठ्यानं बोललं, "म्हैस. फॅट सात पॉइंट एक." म्हातारी दचकली. मशीनवर हात फिरवत म्हणाली, "सूनबाई, आत बसलीस का काय गं?" त्या दिवसापासून तिनं मागच्या माणसाला काही विचारलं नाही. आकडा ऐकायची, मान डोलवायची आणि रिकामी किटली घेऊन ताठ चालत जायची.

मग काय, आजूबाजूच्या सगळ्या गावांत तीच कंपनी, तेच मशीन, तीच खोड. जो तो आपलं मशीन टेम्पोत घालून आमच्या दारात. सून प्रत्येकाचं उघडून द्यायची आणि बोलतं करून द्यायची. पैसे घेतले नाहीत. एकानं कोंबडा आणला तो मात्र मी घेतला.

कंपनीला कळलं कसं, तर आम्हीच सांगितलं. आमच्या लोकांच्या पोटात कौतुक राहत नाही. कुणाचं वाईट असेल तर चावडीमागं कुजबुजतात, पण चांगलं असेल तर वाटसरूला थांबवून सांगतील. नवीन मशीन खपवायला कंपनीचा विक्रेता आला होता. जुनं मशीन बोलताना ऐकून त्यानं डोळे मोठे केले आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. अख्ख्या रांगेनं एका सुरात सुनेचं नाव, शिक्षण, माहेर सांगितलं आणि खोलीचं दार दाखवलं. वर त्याला चहा पाजला.

महिन्याभरात फिर्याद झाली. मशीनच्या आतल्या प्रोग्रॅमवर कंपनीचा कॉपीराइट, त्याला लावलेलं डिजिटल कुलूप तोडलं, दोन वर्षांपर्यंत आत जायचा गुन्हा. चौकशीला म्हणून सुनेला ठाण्यात नेलं आणि ठेवूनच घेतलं. जाताना ती मला म्हणाली, फ्रिजमधलं पीठ आज वापरा, उद्या आंबेल. मी ते पीठ तसंच राहू दिलं.

मुलगा सुप्याहून सुट्टी टाकून आला आणि नगरच्या एका वकिलांना घेऊन आला. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, बोलणं अगदी मोजकं. त्यांनी सांगितलं, घाबरू नका. सरकारी पक्षाकडं जप्त केलेलं मशीन एकच, तेही तुमच्याच घरातून नेलेलं. ते कुणी उघडलं हे बघितलंय सगळ्या गावानं, पण कागदावर अजून कुणी नाही. सूनबाईंनी तोंड उघडलेलं नाही. सोमवारी जामिनाचा अर्ज आहे. तोवर तुम्ही गप्प बसा, आणि गावालाही गप्प बसवा.

मी म्हटलं, वकीलसाहेब, पहिलं जमेल.

कारण तोवर गाव पेटलं होतं. आणि गावच कशाला, कुणीतरी म्हातारीचा आणि बोलक्या मशीनचा व्हिडिओ टाकला आणि तो कुठल्या कुठं गेला. ज्यांनी जन्मात म्हशीच्या मागं उभं राहून पाहिलेलं नाही अशी मुंबई-बंगळूरची पोरं कंपनीला इंग्रजीत शिव्या घालायला लागली. आंधळ्या बाईला आकडा ऐकवणं हा गुन्हा झाला का, असं जो तो विचारत होता. प्रश्न बरोबरच होता. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग आमच्याकडची रीत सुरू झाली. चौकात फ्लेक्स लागला. वर सुनेचा फोटो, लग्नातला, बाजूला माझ्या मुलाचा अर्धा खांदा. आणि खाली पाठिंबा देणाऱ्यांचे फोटो, ते तिच्याहून मोठे. आमच्याकडं दोन पक्षांचे मिळून चार गट आहेत, तेव्हा फ्लेक्सही चार. ज्यानं ते छापले त्याच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम कुठून आला, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानंतर 'गाव बंद' झाला. बंदमध्ये चहाची टपरी चालू होती, कारण बंद करणाऱ्यांना चहा लागतो. मग रस्ता रोको, आणि रस्त्यावर दूध ओतायचा कार्यक्रम. दूध मोजायच्या मशीनसाठी दूधच ओतायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. फोटोसाठी एक कॅन ओतला. त्यात पाणीच जास्त होतं, ते मला मशीनशिवायही कळलं.

आणि रविवारी सभा. मारुतीच्या पारापुढं मांडव, माईक, खुर्च्या, शाली, नारळ. मी सरपंचाला आदल्या दिवशी बोलावून घेतलं. हाही माझाच विद्यार्थी. त्याला बजावलं, बाबा, निषेध करा, घोषणा द्या, काय करायचं ते करा, पण तिनं काय काय उघडलं हे बोलायचं नाही. वकिलांनी सांगितलंय. त्यानं माझ्या पाया पडून शब्द दिला.

सत्कारमूर्ती कोठडीत, म्हणून शाल मला. मी अंगावर शाल घेऊन, मांडीवर नारळ ठेवून बसले. पुढ्यात चार मोबाईल सगळी सभा जगाला थेट दाखवत होते. सरपंच उठला. सुरुवात बरी केली. अन्याय, जुलूम, कंपनीशाही. टाळ्या आल्या. टाळ्या आल्यावर आमच्याकडच्या माणसाचं काय होतं हे मला तेव्हाच आठवलं. तो म्हणाला, या माउलीचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते लपवायला मी काही नमकहराम नाही. आणि छातीवर हात मारून बोलला, "माझ्या केंद्रावरचं मशीन तिनं माझ्या डोळ्यांदेखत उघडलं! मी स्वतः बॅटरी धरली हुती!"

झालं. त्यानं उपकार बोलून दाखवले म्हटल्यावर दुसऱ्या गटाचा माणूस मागं कसा राहील? तो उठला आणि म्हणाला, तुमचं एक उघडलं, माझी दोन उघडली, एक केंद्रावरचं आणि एक मेव्हण्याचं. तिसरा उठला, त्यानं गावाचं नाव, वार आणि त्या दिवशी जेवायला काय होतं तेही सांगितलं. चर्चचे पाळकसाहेब भला माणूस, त्यांनीही चर्चच्या संस्थेच्या दूध केंद्रातल्या मशीनबद्दल देवाचे आभार मानले. एकजण तर असा उठला की त्याच्याकडं मशीनच नाही, शेळ्या आहेत. तोही म्हणाला, माझंबी तिनंच उघडलं. काय उघडलं कुणी विचारलं नाही. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात वकील आले आणि मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून मी शाल टाकली, उठले आणि माईकची वायर ओढून काढली. काही उपयोग झाला नाही. आमची माणसं वावराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बोलणारी, ती माईकशिवाय आणखी मोठ्यानं बोलायला लागली.

शेवटी म्हातारीला उभं केलं. व्हिडिओतली म्हातारी म्हणून सगळे मोबाईल पुढं सरसावले. मी डोळे मिटून घेतले. म्हातारी म्हणाली, "मला दिसत न्हाई. म्या काय पायलं न्हाई. माज्या पोरीला सोडा." आणि खाली बसली. सगळ्या सभेत कामाचं बोलली ती एवढी एकटी. टाळ्या सगळ्यात कमी तिलाच मिळाल्या, कारण त्यात कौतुक नव्हतं.

सोमवारी तालुक्याच्या कोर्टात सरकारी वकिलांनी सभेचा व्हिडिओच लावला. न्यायाधीशांसमोर आमचा सरपंच छाती बडवून बॅटरी धरत होता. मी मागच्या बाकावर, माझ्या शेजारी तोच सरपंच, तोंड रुमालात. सून पुढं उभी होती. चार-पाच दिवसांत अर्धी झालेली. तिनं एकदा वळून माझ्याकडं बघितलं आणि मला इतका संताप आला की त्या रुमालासकट सरपंचाला तिथंच उठाबशा काढायला लावाव्यात असं वाटलं.

व्हिडिओ संपल्यावर आमचे वकील शांतपणे उठले. म्हणाले, महाराज, तपासासाठी आरोपीला आत ठेवायचं असतं. इथं तपासायचं राहिलंय काय? सगळा तालुका माईकवर येऊन बोललाय. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. त्यात हसू लपवलं की काय, सांगता येत नाही. जामीन मंजूर झाला. अट एकच. खटला संपेपर्यंत आरोपीनं अशा कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही.

गावात काय विचारता! जेसीबीतून गुलाल, फटाके, डीजे. सुनेला ट्रॅक्टरवर उभं केलं. तिला काही सुचत नव्हतं, सगळ्यांकडं बघून नुसतं "हं" म्हणत होती. फ्लेक्सवाल्यानं रातोरात जुन्यावरच नवा फ्लेक्स चढवला, सत्याचा विजय. सत्य तर आम्हीच ओरडून ओरडून सांगितलं होतं, आणि त्यानंच ती अडकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर रांग. किटल्यांची नव्हे, मशीनांची. एकानं पोराचा मोबाईल आणलेला, एकानं टीव्हीचा डबा, शेळ्यावाल्यानं कसला तरी रिमोट. सून बाहेर आली आणि म्हणाली, कोर्टानं मनाई केलीय, मी हात लावू शकत नाही. लोक हसले. त्यांना वाटलं, बोलायचं म्हणून बोलते. आता दार लावून घेऊ, म्हणाले, कोण बघतंय? मी तिथंच सगळ्यांना हाकललं. आठ दिवसांत बोलणं फिरलं. एवढी मिरवणूक काढली, आता पोरीच्या डोक्यात हवा गेली. आपल्यासाठी एक वायर जोडायला हिला जड झालंय. हे माझ्या कानावर माझ्याच ओसरीवर आलं.

इकडं कंपनीची देशभर छी थू झाली होती, म्हणून ती एकदम गोड झाली. तिनं आमच्याच गावात ग्राहक स्नेह शिबिर लावलं. मांडव तोच, सभेचा, अजून सोडलेला नव्हता. खुर्च्याही त्याच. ज्याचं मशीन उघडलं गेलंय त्यानं यायचं, एका कागदावर सही करायची की हे माझ्या माघारी, माझ्या संमतीशिवाय झालं, की कंपनी त्याचं मशीन पुन्हा कुलूप लावून, वर्षाची सर्व्हिस फुकट देऊन परत करणार. बोलायचा आवाज मात्र काढून टाकणार.

सह्या झाल्या. पटापट झाल्या. मी चालत गेले आणि सरपंच टेबलावर वाकलेला असतानाच त्याच्या मागं उभी राहिले. मी विचारलं, "तुझ्या माघारी झालं का रे? मग बॅटरी कुणी धरली होती?" त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "बाई, सकाळ-संध्याकाळ दूध येतंय. मी काय करू?" मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली, कारण तो काही खोटं बोलत नव्हता. दूध खरंच सकाळ-संध्याकाळ येतं. आमचं मशीन ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडलेलं, म्हणून माझ्यावर सहीची वेळ आली नाही. आली असती तरी मी केली नसती, हे मी त्या मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग एका दुपारी कंपनीचा साहेब आमच्या घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. तुमच्यासारखं डोकं आम्हाला हवंय, म्हणाला. पुण्यात नोकरी, भरपूर पगार, आणि खटला दोन्ही बाजूंनी हायकोर्टाच्या खंडपीठात अर्ज करून मिटवून टाकू. काम काय, तर कुलपं बनवायची. तुम्ही आमचं कुलूप बावळट म्हणालात ना, मग शहाणं बनवून दाखवा. हे वाक्यही आमच्या रांगेतूनच त्यांच्यापर्यंत गेलं असणार.

साहेब गेल्यावर मी पेढे गाईपुढं टाकले. सून चुलीपाशी भाकरी थापत होती. मी म्हटलं, जाऊ नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी सरळ मागितलं. म्हटलं, खटला चालू दे, आपण लढू, मी आहे.

तिनं पिठाचे हात तसेच धरले. "आई, तुम्ही आहात. बाकी कोण आहे? लढले तर वर्षानुवर्षं माझे हात बांधलेले, आणि रांगेतली माणसं रोज मला कुजकं बोलणार. मला त्यांचा राग यायला लागलाय. आणखी थोडी राहिले तर म्हातारीचाही येईल."

मी रडले. तिच्यासमोर, चुलीसमोर, अगदी मोठ्यानं रडले. ती "हं" म्हणाली आणि माझ्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला. त्या पातळावरचं पीठ मी बरेच दिवस झटकलं नाही.

ती गेली. मुलगाही सुपं सोडून पुण्यात लागला. गावानं निरोपाचा फ्लेक्स लावला, आमच्या गावची लेक मोठ्या कंपनीत. चारही गटांचा एकच फ्लेक्स, पहिल्यांदाच एकमत झालं. खटला मिटला, मुद्देमाल सुटला आणि आमचं मशीन परत आलं. कंपनीनं आवाज काढून पुन्हा कुलूप लावलेलं, ते मुकंच होतं. म्हातारी पुन्हा मागच्या माणसाला विचारायला लागली, किती लागली? मी आता रागवत नव्हते.

पुढं मशीनचं वर्ष भरत आलं, पोळा जवळ आला तेव्हा कंपनीचा माणूस येऊन सगळ्या मशीनांत नवीन काहीतरी भरून गेला. म्हणाला, ग्राहकांच्या आग्रहावरून आता मशीन बोलणार, कंपनीचीच कल्पना आहे. सुनेनं मला फोनवर हे कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक तिला सांगवलं नसेल. आणि कुलूपही नवं होतं, शहाणं. ते उघडणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी राहिला नव्हता. जी होती ती ते बनवत होती.

नवीन भरलेलं पहिल्यांदा चालवायचं त्या सकाळी रांगेत सगळ्यात पुढं म्हातारी होती. मी तिच्या किटलीतलं दूध मशीनला पाजलं. त्यानं घुर्रर्र केलं, ते थांबलं, इंग्रजी अक्षरं आली. आणि माझ्या सुनेचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश, इतका नम्र की आमच्या घरात ती तशी एकदाही बोलली नव्हती. "आपल्या मशीनची मुदत संपली आहे. कृपया कंपनीशी संपर्क साधा. धन्यवाद."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिनं किटली खाली ठेवली, दोन्ही हात पुढं करून हवेत चाचपले आणि मला विचारलं, "आली व्हय गं तुजी सून?"

नवीन आवाज ऐकायला आलेला सरपंचही मागं रांगेत होता. मी म्हातारीचा हात धरला आणि म्हटलं, "न्हाई."

"मंग बोललं कोन?"

सवयीप्रमाणं ती वळली आणि तेच मागच्या माणसाला विचारायला लागली.